एका चुलीची माणसं

१९५१ साल. फेब्रुवारीत शिरगणतीवाला आमच्या वस्तीवर आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. डोंबिवली स्टेशनापासून पश्चिमेला खाडीपर्यंत बांधाबांधाने चालत यायला त्याला सव्वा तास लागला होता. वहाणा हातात, पोटऱ्यांना खाजणातला काळा चिखल, आणि काखेत कागदांचं भेंडोळं.

"घरं किती?" त्याने विचारलं.

"एक," बाबा म्हणाले.

त्याने आमच्या लांबलचक कुडाच्या छपराकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आणि माणसं?"

"एकतीस."

"कुटुंबप्रमुख कोण?"

"कोणी नाही."

"अहो मास्तर, कोणीतरी असेलच की. वयानं मोठं असेल त्याचं सांगा."

"इथं कोणी मोठं नाही आणि कोणी लहान नाही. तेच तर आमचं काम आहे."

शिरगणतीवाला खाली बसला. "चुली किती?"

"एक."

"मग सरकारच्या हिशेबानेही एकच घर. एक चूल, एक घर. पण प्रमुखाचा रकाना मला रिकामा ठेवता येत नाही. माझी नोकरी जाईल."

दौलत तिथेच कोयता परजत बसला होता. तो घाटावरचा, कल्याणच्या यार्डातली खलाशाची नोकरी सोडून आमच्यात आलेला. "चुलीचंच नाव लिवा की मग," तो म्हणाला आणि सगळे हसले. शिरगणतीवाल्याला मात्र हसू आलं नाही. आई त्याच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. तो पाणी प्यायला, त्याने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, आपलं नाव?"

"गोदा."

त्याने ते लिहून टाकलं. अशी माझी आई एकतीस माणसांच्या घराची प्रमुख झाली. आजूबाजूच्या गावांतली माणसं आम्हाला 'एका चुलीची माणसं' म्हणत. त्यांना ती थट्टा वाटे, बाबांना तो मान वाटे.

माझे वडील गोपीनाथ ठाण्याला प्राथमिक शाळेत मास्तर होते. बेचाळीसच्या चळवळीत ते आठ महिने तुरुंगात होते आणि तिथून एक वही घेऊन परत आले. समाज मुळापासून नव्याने बांधायचा झाला तर तो कसा बांधावा, ते त्या वहीत लिहिलेलं होतं. जात लिहायची नाही, आडनाव लावायचं नाही. जमीन सगळ्यांची, भांडी सगळ्यांची. काम दर आठवड्याला बदलायचं, म्हणजे कोणी कुठल्या कामाचा मालक होणार नाही आणि कोणी कुठल्या कामाला जुंपलेलाही राहणार नाही. भोवतालच्या आगरी गावांपैकी एका गावच्या काळुराम पाटलाचं खाडीकाठचं खाजण, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन, कसणारं कोणी नसल्याने बारा वर्षं ओस पडलं होतं. "पाच वर्षं कसून दाखवा, मग बघू," असं तो म्हणाला, आणि १९४९च्या दिवाळीनंतर आठ कुटुंबं तिथे राहायला आली. दिल्लीत देशाची घटना लागू झाली त्याच महिन्यात आमचीही झाली. बाबांनी तिची कलमं खडूने भिंतीवरच्या फळ्यावर लिहिली आणि प्रत्येक कलमाला हात वर करून मतं घेतली.

आईला सगळ्यात जड गेलं ते सोळावं कलम. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं. पहिल्या रविवारच्या सभेत प्रत्येकाने उठून हे करून दाखवायचं होतं. आगरी परशुराम आमच्यातला एकुलता एक मूळचा खाडीकाठचा माणूस. तो उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "गोपीनाथ, तू माझे ताटानशी भाकर खातंस का?" त्याची बायको आवडाबाई पदर तोंडात धरून हसली. मग आईची पाळी आली. ती उठली. "गो..." म्हणाली आणि थांबली. बाबा प्रेमाने म्हणाले, "अगं म्हण. मी काही वाघ नाही." पुन्हा "गो..." तिसऱ्या वेळी तिने पूर्ण नाव घेतलं, पण इतकं हळू की दौलत ओरडला, "ऐकू न्हाई आलं!" तेव्हा तिने पुन्हा घेतलं. तिचे कान लाल झाले होते. त्या दिवसानंतर तिने बाबांना कुठल्याच नावाने हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की ती त्यांच्या समोर जाऊन उभी राही.

शेवटचं कलम वस्ती सोडण्याचं होतं. कोणालाही कायमचं बाहेर जायचं असेल तर सगळ्या मोठ्या माणसांचे हात वर आले पाहिजेत. एकाने जरी हात खाली ठेवला तरी नाही. बाबांचं म्हणणं होतं की घरातलं माणूस घर सोडतं तेव्हा ते सगळ्यांना विचारून सोडतं. या कलमाला सगळ्यांत आधी हात वर केला तो आईने. तिने का केला ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बेचाळीस साली बाबा तिला न सांगता गेले होते. आता त्यांना न विचारता जाता येणार नाही, एवढंच तिला दिसलं होतं.

माझ्यासाठी शाळा नव्हती. बाबा संध्याकाळी सगळ्या मुलांना एकत्र शिकवत, इयत्ता आणि परीक्षा यांच्याशिवाय. ते शिकवत चांगलं, पण संध्याकाळपर्यंत आमच्या अंगात काही उरत नसे. मे महिन्यात ठाण्याच्या नौपाड्याची जयामावशी आम्हाला बघायला आली. तिने माझे हात उलटे करून तळवे पाहिले आणि आईकडे पाहिलं. जूनमध्ये तिचं पत्र आलं. तिच्या घराजवळच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंशी ती बोलली होती. पाचवीत एक जागा त्या पंधरा ऑगस्टपर्यंत ठेवणार होत्या. त्यानंतर नाही.

त्या पत्रानंतरच्या प्रत्येक रविवारी आई सभेत उठून उभी राहिली. "शालूला ठाण्याला पाठवायचंय. तिच्याबरोबर मला जायचंय. तिचं बस्तान बसेपर्यंत." पहिल्या रविवारी चार हात वर आले. दुसऱ्या रविवारी नऊ. आई दिवसभर लावणीत वाकलेली असे, पण रोपांच्या दोन वाफ्यांच्या मधे, पेंढ्या उचलताना, चुलीपाशी ती एकेकाशी बोलत असे. दौलतच्या बायकोचं, रंगूबाईचं लुगडं तिने धुऊन दिलं. तिच्या वाट्याची दळणाची पाळी केली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी सोळा मोठ्या माणसांपैकी पंधरा हात वर होते.

खाली असलेला एक हात बाबांचा होता.

"गोपीनाथ, पोरीचा जल्म हाय," दौलत म्हणाला. "कर हात वर."

"माझीच मुलगी आहे म्हणून तर करता येत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "आज माझी शालू शिकायला गेली, तर उद्या तुझी मुलगी इथे चिखल का तुडवेल? ज्यानं कलमं लिहिली त्यानंच स्वतःसाठी दार उघडायचं?"

आई खाली बसली. सभेनंतर बाबा तिच्या जवळ येऊन म्हणाले, "रागावलीस?" ती मडक्यातलं पाणी हंड्यात ओतत होती. ओतत राहिली.

कोणी मारत नव्हतं, कोणी कोंडत नव्हतं. वस्तीला कुंपणसुद्धा नव्हतं. बांधावरून चालायला लागलं की सव्वा तासात स्टेशन. पण एकदा मी आईला म्हटलं, "आपण तशाच जाऊ या ना," तेव्हा ती म्हणाली, "हात वर केलाय गं मी. सगळ्यांच्या आधी."

आता पाण्याचं सांगायला हवं. आमची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. मधे मातीचा बांध, आणि बांधात एक दार. त्याला उघाडी म्हणत. सागाचे दोन खांब, त्यांना खाचा, आणि त्या खाचांतून एकावर एक बसवायच्या फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरती चढायच्या आत फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एवढंच काम, पण सगळं त्याच्यावर. शेतात एकदा खारं पाणी साचलं की तीन वर्षं दाणा पिकत नाही.

पहिलं वर्ष उघाडी परशुरामने सांभाळली. त्याला घड्याळ लागत नसे. तो तिथी मोजायचा. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळशी. अवसेला आणि पुनवेला उधाण, भर दुपारी बारा-एकला, आणि पाणी पुरुषभर जास्त. बोटांच्या पेरांवर त्याने हे मला शिकवलं होतं, आईलाही. पण दुसऱ्या वर्षी सभेने ठरवलं की परशुराम उघाडीचा मालक होत चालला आहे. तिची पाळीही फळ्यावर लागली. आणि पंचांग तर आमच्यात नव्हतंच. अवसेला काम न करण्याची आगऱ्यांची रीत, एकादशीला बायकांचं उपाशी राहून लावणी करणं, हे सगळं बंद व्हावं म्हणून बाबांनी नववं कलम केलं होतं. वस्तीत तारीख बोलायची, तिथी बोलायची नाही. मोडेल त्याने सभा सांगेल तितके दिवस मौन पाळायचं. मार नाही, दंड नाही, फक्त मौन. बाबांना ही शिक्षा फार सभ्य वाटे.

एकोणतीस जुलैचा रविवार. त्या आठवड्याची उघाडी बाबांकडे आली होती. सभा संपत आली तेव्हा आई उठली. सगळ्यांना वाटलं, नेहमीचं. पण ती म्हणाली, "गुरुवारी दिव्याची अवस आहे. मी दिवे लावायला मागत नाही. पण पाणी..."

"गोदा," त्या आठवड्याचा अध्यक्ष दौलत होता, तो गडबडून म्हणाला, "तारीख सांग ना. दोन आगस्ट म्हन."

"दोन ऑगस्ट म्हटलं तर पाण्याला काय कळणार?"

दोघी-तिघी हसल्या. बाबा हसले नाहीत. "तू एकटी दिवे लावलेस तर कोणाचं काही जात नाही," ते म्हणाले. "पण उद्या दुसरी हरतालिका मागेल, तिसरी वटपौर्णिमा. मग कोणाला सोवळं, कोणाला ओवळं. हे कुठून सुरू होतं ते मला ठाऊक आहे."

"वैनी पान्याचा बोलते," परशुराम म्हणाला.

"पाण्याचं मी बघतो आहे. आजपासून खांबावर रोज खूण करणार आहे."

हात वर झाले. गुरुवार मावळेपर्यंत मौन. मुद्दाम गुरुवार, म्हणजे अवस सरेल. आई जागेवर बसली आणि तिने ओठ मिटले. मला ते अजून दिसतं, कारण तिने ते इतक्या नेटकेपणाने केलं. डब्याचं झाकण लावावं तसं.

सोमवार, मंगळवार, बुधवार ती बोलली नाही. लावणीचं काम चालूच होतं. कंबरेत वाकायचं, गुडघाभर पाण्यात मागे सरकायचं, तीन-तीन रोपं अंगठ्याने चिखलात खोचायची. पाठीवर इरलं, त्यावर पावसाचा एकसारखा आवाज. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी पडलेली. संध्याकाळी आवडाबाई सगळ्यांच्या बोटांना गरम खोबरेल लावायची. आईला लावताना ती गमतीने म्हणाली, "गोदा, तुझे नवऱ्यानी तुझा तोंड शिवला, आता आमचे नवऱ्यांची पाली." आईचं अंग हसण्याने हललं, पण आवाज नाही.

बुधवारी दुपारी भरतीबरोबर परशुराम आणि आवडाबाई होडी घेऊन कल्याणला निघाले. रेशनचं धान्य आणायची पाळी त्यांची होती. गुरुवारच्या संध्याकाळच्या ओहोटीला ते परतणार होते. होडीत बसण्याआधी परशुराम बाबांकडे गेला. आम्ही जवळच रोपं धूत होतो.

"गोपीनाथ, उद्या धाच्या आत फल्या टाक. पानी खारीनशी लय येल."

"परशुराम, ही पाळी तुझी नाही," बाबा म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यावर विश्वास ठेव की. चार दिवसांच्या खुणा आहेत. रोज चार बोटं पाणी वाढतं. उद्याही चारच बोटं वाढणार."

परशुरामने वल्हं खांद्यावर टाकलं. मग आमच्याकडे येऊन आईला म्हणाला, "वैनी, तोंड बंद हाय, डोले तर उघडे हान ना? बघ जरा." माझ्याकडे पाहून म्हणाला, "आन् तुझा तोंड तर बंद नाय."

बुधवारी रात्रभर पाऊस झाला. गुरुवारी सकाळी शेतं काठोकाठ भरली होती. नवी रोपं बुडून नुसती टोकं दिसत होती, आणखी दिवसभर तशी राहिली तर कुजली असती. बाबांनी सहालाच ओहोटीला सगळ्या फळ्या काढल्या. पाणी धो धो उतरू लागलं. नऊ वाजता रोपांचे शेंडे वीतभर वर आले. सगळे खूश झाले. दहा वाजले तरी पाणी उतरत होतं, फक्त हळू. बाबांनी ठरवलं की आणखी दोन तास उतरू द्यायचं. खांबावरच्या खुणांप्रमाणे बारापर्यंत खाडीचं पाणी शेताच्या पातळीपर्यंत चढणार नव्हतं.

साडेदहाला आईने हातातली पेंढी खाली ठेवली आणि ती बांधाकडे चालू लागली. मी तिच्या मागे. पश्चिमेचा वारा सुटला होता. बांधावर चढल्यावर दिसलं की उघाडीतलं पाणी थांबलं आहे. आत जात नव्हतं, बाहेर येत नव्हतं. एक झावळी दाराच्या मधोमध जागच्या जागी फिरत होती. खाडी पलीकडे तिवरांच्या शेंड्यांपर्यंत भरून आली होती. उधाणाला अजून अडीच तास होते.

पन्नास पावलांवर बाबा इरल्याखाली बसून वहीत लिहीत होते. आई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

त्यांनी मान वर केली. "काय गं?"

ती उभी राहिली. पाण्याकडे तिने हात केला, एकदाच.

बाबांनी वळून पाहिलं. "हो, कालही साधारण इथपर्यंत आलं होतं. बारा वाजता टाकतो फळ्या." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "गोदे, तू मौन पाळते आहेस ना, त्याचं मला फार बरं वाटलं. मला वाटलं होतं, तू मोडशील."

आईच्या चेहऱ्यात काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी बाजूने बघत होते. तिचा हात खाली आला.

बाबा मला म्हणाले, "शालू, काल दिलेली गणितं झाली?"

"हो," मी म्हटलं.

तेवढंच म्हटलं. मला तिथी ठाऊक होती. अवस, दुपारी एक, पाणी पुरुषभर. परशुरामचे शब्द ठाऊक होते. मी मौनात नव्हते. तेव्हा माझ्या डोक्यात पंधरा ऑगस्टला तेरा दिवस उरल्याचं गणित चाललं होतं.

आई वळली. आम्ही परत गेलो आणि लावणीला वाकलो.

साडेअकराच्या सुमारास आवाज आला. पाणी दारातून आत शिरायला लागलं की आधी नुसती कुजबुज असते, मग एकदम खळखळाट. बाबांची हाक आली. दौलत आणि आणखी दोघे धावले. पहिली फळी खाचेत धरेपर्यंत प्रवाहाने ती दौलतच्या हातातून हिसकावून आत शेतात फेकली. दुसरी आडवी बसली आणि मधोमध मोडली. मग पाणी खांबांच्या बाजूने माती खायला लागलं. उजव्या अंगाचा बांध भाकरी मोडावी तसा मोडला. खांड पडली. एक सागाचा खांब उभाच्या उभा आत वाहत गेला, त्यावरच्या बाबांच्या चार खुणांसकट.

सगळी वस्ती बांधावर आली. खांड भरायची एकच रीत आहे. रांग लावायची, चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, आणि तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने ते दाबून बसवायचे. तोंडाशी उभं राहायला आई गेली. छातीपर्यंत पाण्यात, पाय रोवून, लुगडं गळ्यापर्यंत फुगलेलं. गोळा आला की ती तो पोटाशी धरी आणि पाण्याखाली वाकून दाबी. वर येताना नाकातोंडातून खारं पाणी वाहत असे. बसवलेल्या दहा गोळ्यांतले नऊ जात होते. रांगेत मी अकरावी होते. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं, रंगूबाई तर देवाचं नाव घेत होती आणि तिला कोणी अडवत नव्हतं. बाबा आईच्या शेजारी उभे होते. ते ओरडत होते, "इकडे दे! गोदे, इकडे! डावीकडे का उजवीकडे? सांग!" तिला परशुरामने शिकवलेलं ठाऊक होतं. तिने त्यांचा हात धरून डावीकडे नेला. बोलली नाही. मौन दिवस मावळेपर्यंत होतं.

तीनच्या सुमारास पाणी उतरायला लागलं तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. खांड वीस हात रुंद झाली होती. दीड वर्षाची मेहनत कबऱ्या पाण्याखाली होती. संध्याकाळी होडी आली. परशुराम उतरला, बांधावर चढला. बाबांना ओलांडून तो पुढे आला. आईसमोर येऊन त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आवडाबाईच्या मागे गेले.

दिवस मावळल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते रंगूबाईशी. "मीठ कुठे ठेवलंय?"

रविवारी शेवटची सभा झाली. दौलतने एकेका कुटुंबाचं नाव वाचलं, आणि प्रत्येक नावाला सगळे हात वर झाले. कोणी वाद घातला नाही. बाबांचाही हात वर होत होता, प्रत्येक वेळी, कोपरातून ताठ. शेवटी दौलत म्हणाला, "शालू आन् गोदा." बाबांचा हात वर आला. सात रविवार आम्ही ज्याची वाट बघितली तो हात. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आन् गोपीनाथ?" दौलतने विचारलं.

"मी जायला मागितलेलं नाही," बाबा म्हणाले. "खांड भरायची आहे."

"एकल्यानं?"

"एकट्यानं भरेल तितकी."

आठ ऑगस्टला जयामावशी मला न्यायला आली. आईने माझी ट्रंक भरली, तिच्यात स्वतःची दोन लुगडी ठेवली. बांधाच्या टोकापर्यंत ती आमच्याबरोबर चालत आली. तिथे तिने ट्रंक उघडून लुगडी काढून घेतली.

"ताई, हे काय?" मावशी म्हणाली. "आता कोणाची मनाई आहे तुला?"

"कोणाचीच नाही."

"मग चल ना!"

"त्यांना एकट्यांना कसं सोडू? बाकी सगळे गेले."

"जन्म गेला तरी ती खांड भरायची नाही. वेडे झालेत भाऊजी."

"ते जाऊ दे," आई म्हणाली. "माझ्यामुळे राहिलेत ते." मावशीला ते कळलं नाही. तिला वाटलं, ताई उगाच सगळं आपल्या अंगावर घेते. मला कळलं. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ती वळून चालू लागली. तिच्या चालण्यात घाई नव्हती, रेंगाळणंही नव्हतं. दुपारच्या स्वयंपाकाला परत जाणारी बाई चालते तशी ती चालली.

दौलत पुन्हा कल्याणच्या यार्डात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची मुलगी कल्याणजवळ मोहोन्याच्या कारखान्यात कामाला गेली, शिकली नाही. रंगूबाई साठच्या साली बाळंतपणात गेली. परशुराम आपल्या गावी परतला. १९५३ साली काळुराम पाटलाने गावची माणसं लावून बांध पुन्हा घातला तेव्हा उघाडी परशुरामच्याच हाती दिली. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत ती त्याच्याकडे होती. मी कधी भेटले की विचारायचा, "काय गो मास्तरीण, तोंड उघडते का नाय?" मी मास्तरीण झाले होते, म्हणून तो तसं विचारतो असं सगळ्यांना वाटे. आवडाबाई त्याच्यामागे अकरा वर्षं जगली. आता त्या खाजणावर इमारती आहेत.

बाबा आणि आई त्या लांबलचक छपराखाली सहा वर्षं दोघंच राहिले; पाटलाने बांध घातल्यावरही त्यांना तिथून उठवलं नाही. बाबांनी उरलेल्या बांधाच्या उंचवट्यावर मिरच्या आणि वांगी लावली. वहीत ते लिहीत राहिले. पुढच्या वेळी कुठे कुठे सुधारायला हवं त्याची तेहतीस कलमं त्यांनी लिहिली, त्यात तिथीचं एक होतं. १९५७च्या पावसाळ्यात हिवतापाने ते तिथेच गेले. मी दर सुट्टीत जायची. आई मला पहिल्या दोन दिवसांत परत पाठवी, अभ्यास बुडेल म्हणून.

ती पुढे सव्वीस वर्षं माझ्याकडे नौपाड्याला राहिली. चांगली राहिली, नातवंडांना सांभाळलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळली. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, एका दुपारी आम्ही दोघी घेवडा निवडत बसलो होतो. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"आई, त्या दिवशी तू मुद्दाम गप्प राहिलीस का?"

तिने एक शेंग मोडली, शीर ओढून काढली.

"मला शिक्षा होती," ती म्हणाली. "तुला कोणी मनाई केली होती?"

मग तिने परात माझ्याकडे सरकवली, आणि उरलेल्या शेंगा मी निवडल्या.